अर्ध्या घटकेची वाट

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या वेळच्या वाटा नदीनं कधीच पोटात घेतल्या. पण गोष्ट मागं राहिली. लहानांनी ती ऐकावी, आणि मोठ्यांनी तर जरा जास्तच कान देऊन ऐकावी.

नदीकाठी एक गाव होतं. गावाच्या एका टोकाला वेस, दुसऱ्या टोकाला घाट. घाटावरून रोज सकाळी एक नाव पलीकडच्या बाजाराला जायची. वेशीतून घाटावर जायला दोन वाटा होत्या. एक मोठा रस्ता, तळ्याला वळसा घालून जाणारा, चांगला रुंद, दोन गाड्या शेजारून जातील असा. आणि दुसरी साळ्यांची आळी. ती सरळ. तिथून गेलं तर अर्धी घटका वाचायची.

पण आळीतून गाडी पळवत कुणी नेत नसे.

त्याला कारण होतं. साळी म्हणजे विणकर. लुगडी, धोतरं विणून पोट भरणारी माणसं. माग घरात असतो, पण माग चालू होण्याआधी ताणा तयार करावा लागतो. ताणा म्हणजे कापडाचे उभे धागे. ते काही घरात मावत नाहीत. म्हणून सकाळच्या कोवळ्या उन्हात, लाकडी घोड्या मांडून, साळी आपला ताणा आळीतच लांबवर पसरायचे आणि कुंच्यानं त्याला खळ, म्हणजे पिठाची पेज, लावायचे. ऊन चढलं की खळ कडक होते, धागा कटकन तुटतो. त्यामुळं हे काम सकाळचंच.

आणि खळ लावणारा माणूस उलटा चालतो बरं का. तोंड धाग्याकडं, पाठ वाटेकडं. एक जरी धागा तुटला तरी तिथल्या तिथं सांधायचा असतो, म्हणून त्याची नजर हलत नाही. मागचं त्याला कळतं ते कानांनी. पोरं त्याच ताण्याखालून लपाछपी खेळायची, म्हाताऱ्या उंबऱ्यावर बसून सुताच्या कांड्या भरायच्या. आळी म्हणजे त्यांचं अंगणच होतं म्हणा ना.

आळीच्या तोंडाशी, वेशीच्या बाजूला, एक काळा दगड होता. गुडघ्याएवढा. त्याला म्हणायचे उतरायचा दगड. कुणाला आळीतून जायचंच असलं, तर त्यानं त्या दगडापाशी गाडीतून उतरायचं, कासरा हातात धरायचा आणि बैलांच्या पुढं पायी चालायचं. ताणा आडवा आला की थांबायचं. साळी ताणा उचलून भिंतीकडं घ्यायचे, गाडी गेली की परत मांडायचे. हा नियम कुण्या राजानं केलेला नव्हता. बापानं उतरून दाखवलं, लेकानं बघितलं, एवढंच.

आता त्या गावात भिवा नावाचा एक गाडीवान होता. बाजाराचा माल घाटावर पोचवायचा, हा त्याचा धंदा. माणूस वाईट नव्हता. कष्टाळू होता, बायकोवर जीव होता, बैलांना पोटभर चारा घालायचा. फक्त त्याला एक खोड होती. कुणी आपल्या पुढं असलेलं त्याला खपत नसे.

एके सकाळी त्याच्या बायकोला कळा सुटल्या. पहिलटकरीण. मूल आडवं आलं होतं. सुईण राहायची थेट घाटाजवळ. भिवानं बायकोला गाडीत निजवलं आणि बैल साळ्यांच्या आळीकडं वळवले. दगडापाशी आला आणि रिवाजाप्रमाणं खाली उतरला.

आळीतल्या पहिल्याच घरात ठकूआजी राहायची. तिच्या डोळ्यांत पडदा आला होता, पण कान असे, की कुठल्या घरातला माग थांबला ते बसल्या जागी सांगावं. तिला कण्हणं ऐकू आलं.

"अरे, उतरतोस काय, मुडद्या!" ती ओरडली. "बस वर! हाक गाडी! ए, उचला रे ताणे, पोरगी अडलीय!"

सगळी आळी धावली. भराभरा ताणे उचलले, घोड्या बाजूला फेकल्या. एकच ताणा राहिला. तो ठकूआजीच्या एकुलत्या एका लेकाचा, काशिबाचा. नुकतीच खळ लागली होती, ओला, जड, चिकट. उचलायला वेळच नव्हता. काशिबानं कमरेचा विळा काढला आणि स्वतःचा ताणा मधोमध कापून टाकला. महिन्याची मेहनत दोन्हीकडं मातीत पडली.

"जा रे, जा!" काशिबा म्हणाला.

गाडी वाऱ्यासारखी गेली. सुईण म्हणाली, "वेळेवर आणलंस बाबा. अर्धी घटका उशीर झाला असता तर दोघीही गेल्या असत्या." मुलगी झाली. आई वाचली, लेक वाचली.

कापलेल्या ताण्यातून जेवढं निघालं तेवढं काशिबानं विणलं. त्यातला हातभर तुकडा ठकूआजीनं बाळाला पहिलं वस्त्र म्हणून पाठवला आणि निरोप दिला, "पोरीचं नाव चिंधी ठेवा. मरणाच्या दारातून आलीय, नाव साधं असलं की दृष्ट लागत नाही." उरलेला तुकडा तिनं घडी करून पेटीत ठेवला. असाच. पुढंमागं लागेल म्हणून.

भिवानं साऱ्या आळीच्या पाया पडून घेतलं. डोळ्यांत पाणी होतं, खोटं नव्हतं. पण त्या दिवशी आळीनं त्याला जीव दिला आणि त्यानं मनात धरली ती वाट. गाडीतून न उतरता घाट किती लवकर येतो, हे त्याला कळलं होतं.

महिन्याभरानं एका सकाळी तो गुळाच्या ढेपा भरून निघाला. दगड आला. भिवा उतरला नाही.

"कोण रे तो?" ठकूआजीनं विचारलं.

"मी भिवा, आजी. जरा घाई आहे."

"बरं बरं, जा," आजी म्हणाली. वाटलं, असेल काही अडचण.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. साळी एकमेकांच्या तोंडाकडं बघायचे आणि गप्प बसायचे. ज्याच्या लेकीला आपण वाचवलं त्याला कसं बोलायचं? भीड पडली. सगळ्यांना वाटायचं, शेजारचा बोलेल. शेजाऱ्यालाही तसंच वाटायचं.

भिवाला बघून दुसरे गाडीवान शिकले. मग गवताच्या गाड्या आल्या, मडक्यांच्या आल्या, सावकाराची छकडी आली. "भिवा जातो, मग आम्ही काय पाप केलंय?" असं जो तो म्हणायचा. आळीत धुरळा उडायला लागला. ओल्या ताण्यावर धूळ बसायची, कापड मळकट निघायचं. पोरं घरात कोंडली गेली. म्हाताऱ्या उंबऱ्यावरून आत सरकल्या.

असं चार वर्षं चाललं. शेवटी ठकूआजीच उठली. काठी घेतली आणि आळीच्या मधोमध उभी राहिली. बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा वाजल्या की ही आडवी. तिला दिसत नव्हतं, पण गाडीवानाला तर ती दिसत होती. थांबावंच लागायचं.

"उतर खाली," ती भिवाला म्हणाली.

"आजी, त्या दिवशी तूच म्हणालीस ना, बस, हाक गाडी म्हणून?"

"त्या दिवशी गाडीत जीव होता रे. आज काय आहे?"

"आज गूळ आहे!"

"मग? गुळाला कळा सुटल्यात होय?"

मागच्या गाड्यांवरचे गाडीवान खो खो हसले. भिवा तोंड पाडून उतरला आणि कासरा धरून चालत गेला. त्या हसण्यानं त्याला जे लागलं ते पायाला नाही लागलं, मनाला लागलं. दुसऱ्या दिवशीही आजी उभी. तिसऱ्या दिवशीही उभी.

चौथ्या दिवशी भिवा पहाटे उठून बैलांपाशी बसला. आळीच्या कडेला साळी सूत-कापसाचा कचरा टाकायचे, त्यातला मूठभर त्यानं आदल्या दिवशी उचलून आणला होता. तो कापूस त्यानं एकेका घुंगरात काडीनं ठासून भरला. घुंगरं गळ्यात राहिली, आवाज गेला. चाकांच्या आसांना दाबून वंगण घातलं. आळीतली माती रोजच्या सड्यानं मऊ होती, तिच्यावर बैलांच्या खुरांचा आवाज उमटायचाच नाही.

त्या दिवशी गाडी आजीच्या काठीमागून निघून गेली आणि आजी दुसरीकडंच तोंड करून उभी राहिली. भिवाला हसू आलं. घाटापर्यंत तो एकटाच हसत होता.

घाटावर पोचला तर काय, नाव अजून रिकामीच. नावाडी जाळं सांधत बसला होता.

"निघू या का?" भिवानं विचारलं.

"सूर्य देवळाच्या कळसावर आल्याशिवाय नाव सुटत नाही. माझ्या आज्यापासून तसंच आहे. तुला काय माहीत नाही?"

माहीत होतं. रोजच माहीत होतं. भिवा वडाखाली बसला, चिलीम भरली, ओढली, झाडली. तेवढ्यात तळ्याकडून वळसा घालून आलेल्या गाड्याही येऊन लागल्या. मग सगळे मिळून नाव सुटायची वाट बघत बसले.

भिवाचे दोन बैल होते, मोऱ्या आणि चांद्या. मोऱ्या म्हातारा, चांद्या नवा. चांद्याच्या तोंडाला फेस आला होता.

"दादा, आपण एवढं धावलो कशाला?" चांद्यानं विचारलं.

"बसायला," मोऱ्या म्हणाला.

चांद्यानं मान हलवली. घुंगरं हलली, पण वाजली नाहीत.

"दादा, आपला आवाज कुठं गेला?"

"मालकानं बुजवला."

"मग आपण येतोय हे लोकांना कळायचं कसं?"

म्हाताऱ्या बैलानं नुसते डोळे मिटून घेतले.

इकडं आळीत ठकूआजीला वाटलं, गाड्या बंद झाल्या. घुंगरं वाजत नाहीत म्हणजे भिवाला लाज वाटली. त्याचं बघून बाकीच्यांनीही घुंगरं बुजवली होती, हे तिला कुठून कळणार? जी एखादी गाडी दिसायची ती बघून शेजारणी कुजबुजायच्या, पण म्हातारीला पुन्हा काठी घेऊन कशाला उभी करायची, म्हणून कुणी सांगितलं नाही. काशिबा दिवसभर आत मागावर असायचा, त्यालाही कळलं नाही. आजी म्हणाली, "काशिबा, आता मोठा ताणा काढ बाबा. वाट मोकळी झाली."

काशिबानं मोठा ताणा काढला. लग्नाचं लुगडं होतं, निळ्या काठाचं. सकाळी घोड्या मांडल्या, खळ कालवली, आणि तो कुंचा घेऊन उलटा चालायला लागला. त्याची बायको सगुणा पुढच्या टोकाला धागे सारखे करत होती. आजी उंबऱ्यावर बसली. लहानपणापासून मायलेकांचा एक परिपाठ होता. काशिबा चार पावलं मागं टाकायचा आणि विचारायचा, आजी कान देऊन सांगायची.

"आई, वाट?"

"मोकळी."

चार पावलं.

"आई, वाट?"

"मोकळी रे."

चार पावलं.

"आई, वाट?"

आजीनं कान दिला. कुठंच काही वाजत नव्हतं. "मोकळी आहे बाळा, ये बिनघोर."

बाळांनो, पुढचं मी पटकन सांगते, कारण ते सावकाश सांगवत नाही. भिवाची गाडी दौडत आली होती. त्यानं काशिबाला बघितलं, कासरा ओढलाही. पण दौडते बैल आणि वर गुळाचा भार, ते काय जागच्या जागी थांबतात? ताणा तुटला. शेकडो धागे एकदम तुटले तेव्हा कापड फाटल्यासारखा आवाज झाला, आणि तेवढाच आवाज आजीला ऐकू आला.

काशिबा तीन दिवस होता. तिसऱ्या दिवशी गेला. जाताना त्यानं डोळे न उघडता विचारलं, "आई, वाट?"

ठकूआजीनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला.

चावडीवर गाव जमलं. पाटील वयानं मोठा, शब्दानं थोडका. भिवा मान खाली घालून उभा होता.

"बैल उधळले, पाटीलबाबा," तो म्हणाला.

पाटलानं बैल आणवले. मोऱ्याच्या गळ्यातलं एक घुंगरू हातात घेतलं, हलवलं. ते मुकं. त्यानं काडीनं आतला कापूस उकरला. कापसात निळ्या सुताचे बारीक तुकडे होते. साळ्यांच्या आळीतलंच सूत.

पाटलानं ते तळहातावर ठेवून भिवापुढं धरलं. मग म्हणाला, "या वाटेनं तुझा किती वेळ वाचायचा?"

"अर्धी घटका."

"त्या अर्ध्या घटकेत तू काय करायचास?"

नावाडी मागं उभा होता, तो म्हणाला, "चिलीम ओढायचा, पाटील. वडाखाली बसून. मी रोज बघायचो."

भिवा खाली बसला आणि त्यानं तोंड झाकून घेतलं.

"म्हातारे, तू सांग," पाटील म्हणाला. "याला काय शिक्षा देऊ?"

"याला काय करायचंय मला?" ठकूआजी म्हणाली. "याला मारून माझा लेक येणार आहे? मला भिंत पाहिजे. आळीच्या वेशीकडल्या तोंडाला, दोन पुरुष उंच. आमच्या आळीत पुन्हा चाक नको."

पाटलानं विचार केला. "म्हातारे, भिंत दोन्हीकडून भिंतच असते बघ."

"असू दे."

मग पाटलानं निवाडा दिला. भिंत बांधायची, आणि तिचे दगड भिवानं त्याच गाडीतून वाहायचे. घुंगरांतला कापूस काढायचा आणि पुन्हा कधी घालायचा नाही. महिनाभर भिवा दगड वाहत होता. बैलांच्या पुढं पायी चालत. उतरायचा काळा दगडही भिंतीच्या पायात गेला. आता कुणी आळीत शिरणारच नव्हतं, मग उतरायचं कुठं?

आळी शांत झाली. पण ती शांतता पहिल्यासारखी नव्हती. विहीर आटल्यावर जशी शांत होते, तशी होती.

दोन वर्षं गेली. चिंधी मोठी झाली, सहा-सात वर्षांची. बोलकी, बापाच्या पुढंमागं करणारी. घुंगरं वाजली की वेशीपर्यंत धावत यायची. भिवा पहिल्यासारखा राहिला नव्हता. रोज तळ्याच्या रस्त्यानं जायचा, हळू जायचा, कुणाशी फारसं बोलायचा नाही. बोलायचा ते त्या पोरीशी.

एका दुपारी चिंधी गंजीतून बैलांना कडबा काढायला गेली. कडब्यात साप होता.

सापाचं औषध देणारा वैदू घाटाजवळ राहायचा. भिवानं पोरीला उचलून गाडीत निजवलं, वरती बसला आणि बैल सोडले. त्याचं तोंड मागं होतं, पोरीकडं. "चिंधे, डोळे मिटू नकोस. चिंधे, बघ माझ्याकडं." कासरा हातात नुसता लोंबत होता. आणि बैल? बैलांना वर्षानुवर्षं एकच शिकवलं होतं. घाई असली, मालक वर बसून ओरडला, की वळायचं साळ्यांच्या आळीकडं. ते बिचारे वळले.

गाडी थांबली तेव्हा भिवानं मान वळवली. समोर भिंत होती. त्यानंच वाहिलेल्या दगडांची.

वाट अरुंद. गाडी फिरवायला जागा नाही. जू सोडून, गाडी हातानं मागं ढकलून, परत तळ्याला वळसा घालायचा म्हणजे घटका जायची. भिवानं भिंतीवर मुठी आपटल्या.

"आजी! ठकूआजी! ताणे उचला गं! माझ्या चिंधीला साप चावला!"

भिंतीपलीकडं म्हातारीनं घुंगरं आधीच ओळखली होती. क्षणभर ती उंबऱ्याला धरून उभी राहिली. तो क्षण कसा होता, ते तिचं तिलाच माहीत. मग तिनं हाक मारली, आणि तिचा आवाज सात वर्षांपूर्वी होता तसाच होता.

"धावा रे! शिडी आणा! पहारी आणा! पोरगी अडलीय!"

सगळी आळी धावली. ज्यांनी त्या दिवशी ताणे उचलले होते तीच माणसं. कुणी पहार घेऊन दगड उचकटायला लागले, पण भिंत चुन्यात बांधलेली, पक्की. कुणी शिडी शोधायला पळाले. एक शिडी मिळाली ती आखूड. दुसरी मिळाली, तिला जोडून बांधली. सगुणा वर चढली. काशिबाची सगुणा. वरून तिनं दोर सोडला, भिवानं पोरीला झोळीत बांधून वर दिलं. सगुणानं तिला छातीशी घेतलं, खाली उतरली, आणि कासोटा खोचून जी धावली, ती घाटापर्यंत थांबली नाही.

ज्यानं तिचा नवरा मारला, त्याच्याच लेकीला घेऊन ती धावत होती. हे विसरू नका.

वैदूनं पोरीचा हात हातात घेतला. डोळ्याची पापणी वर करून बघितली. मग हात हळूच खाली ठेवला.

भिवा दोर धरून भिंत ओलांडून मागून धापा टाकत आला.

"अर्धी घटका," वैदू म्हणाला. "अर्धी घटका आधी आणायला पाहिजे होतं, बाबा."

भिवा तिथंच बसला. पलीकडं तोच वड होता. खाली चिलमीची राख झाडून झाडून काळी पडलेली जागा होती. किती दिवस, किती अर्ध्या घटका त्यानं तिथं जाळल्या होत्या! त्यातली एक, एकच, आज पाहिजे होती. त्यानं मातीत हात घातले, जणू खाली कुठं पुरलेली असेल.

संध्याकाळी ठकूआजी काठी टेकत त्याच्या दारी आली. तिच्या हातात जुन्या कापडाची घडी होती. काशिबानं कापलेल्या ताण्यातला तो उरलेला तुकडा. चिंधीला पहिलं वस्त्र ज्यातलं मिळालं होतं, त्यातलंच शेवटचं मिळालं.

"आजी," भिवा म्हणाला, "तू भिंत मागितली नसतीस तर..."

त्यानं ती घडी हातात घेतली.

"होय," आजी म्हणाली. "मलाही तेच खातंय रे. मला पाटलानं सांगितलं होतं." ती उंबऱ्यावर टेकली. मग म्हणाली, "ताणा होता तेव्हा उचलता येत होता, भिवा. कुणाची अडचण आली की आम्ही उचलत होतो. तू उचलायला ठेवलाच नाहीस. भिंत कशी उचलायची?"

दुसऱ्या दिवसापासून भिवा भिंत पाडायला बसला. एकटाच. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी अडवलं नाही. हाताची कातडी गेली. भिंतीच्या पायातला काळा दगड निघाला तेव्हा त्यानं तो आळीच्या तोंडाशी होता तिथं नेऊन रोवला. त्यानंतर तो जगला तोवर कधी गाडीत बसलाच नाही. रिकामा मोठा रस्ता असला तरी बैलांच्या पुढं पायी चालायचा, आणि घुंगरं वाजत राहायची. वाजली की कोपऱ्यावर थबकून वेशीकडं बघायचा. कुणी धावत यायचं नाही.

नाव मात्र रोज तेव्हाच सुटायची, सूर्य कळसावर आला की. एक पळ आधी नाही, एक पळ नंतर नाही.

आळीत पुन्हा ताणे पडले. गाडीवान पुन्हा दगडापाशी उतरायला लागले. सगळं पहिल्यासारखं झालं असं लोक म्हणायचे. पण झालं नव्हतं. खळ लावणारा साळी आता चार पावलं टाकली की मान वळवून मागं बघायचा. तेवढ्यात एखादा धागा तुटायचा, नजरेतून सुटायचा आणि तसाच विणला जायचा. म्हणतात, त्या गावचं लुगडं पुन्हा कधी अखंड धाग्याचं निघालं नाही.

म्हणून सांगते: दुसऱ्याच्या दारातून दौडत जाऊन वाचवलेला वेळ आपल्या गरजेच्या दिवशी आपल्या दारी कधीच येत नाही.